व्हईलनाना

त्यांचं खरं नाव सांगत नाही. नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात गावागणिक एक तरी व्हईलनाना असतो आणि एकाचं नाव छापलं तर बाकीचे रुसतील. कुठे ते व्हईलतात्या असतात, कुठे व्हईलआण्णा. आमच्या वाट्याला नाना आलेत. साठीच्या आगेमागे वय, पांढराशुभ्र लेंगा-झब्बा, तिरकी टोपी, झब्ब्याच्या खिशात दोन पेनं. त्यातलं एक चालतं. जमीन पावणेचार एकर. निम्मी जिरायती, निम्मी विहिरीच्या पाण्याची, आणि विहिरीत भावकीचा निम्मा हिस्सा. आशा मात्र पूर्ण बागायती.

पारावर बसलेल्या माणसानं काहीही सांगावं, नानांचं उत्तर ठरलेलं.

"नाना, डीपी जळालाय."

"व्हईल."

"सोसायटीची नोटीस आलीय म्हणं."

"व्हईल."

"डिंभे धरणाचं आवर्तन लांबलंय, ऊस पिवळा पडला."

"व्हईल, व्हईल. हिरवा व्हईल."

आमच्याकडे दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं होतात. पुढाऱ्यांच्या रांगेतून नंबर लागेपर्यंत ऊन डोक्यावर येतं आणि कावळे कंटाळून जातात. एका दशक्रियेला नानांनी माईक हातात घेतला नि म्हणाले, "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं." वारलेल्या गृहस्थांचा थोरला मुलगा पिंडाकडे बघत होता, त्यानं मान वर करून नानांकडे बघितलं. धाकट्यानंही बघितलं, पण जमिनीची वाटणी अजून व्हायची असल्यामुळे त्याची नजर जरा वेगळी होती.

"नाही" हा शब्द नानांनी घरातून हद्दपार केलाय. मोटार जळाली असं म्हणायचं नाही, मोटार नवी घ्यायचा योग आला म्हणायचं. कर्ज म्हणायचं नाही, भांडवल म्हणायचं. एकदा नानी म्हणाल्या, "घरात साखर नाही." नाना म्हणाले, "असं बोलू नये. साखर येणार आहे, असं म्हण." नानींनी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "येणारे साखर. तवर प्या."

हे दुखणं जन्माचं नव्हे. पूर्वी नाना चारचौघांसारखेच होते. चतुर्थीला ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला जायचे, वर्षातून एकदा गुडघे धरत लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायचे, आणि नवस बोलायचे. नवस हा सरळ व्यवहार असतो. आधी तू पाव, मग मी पेढे वाटतो. काम झालं नाही तर पेढे वाचतात. त्यात गणपतीवरही थोडी जबाबदारी असते आणि माणसाचाही हिशोब पक्का राहतो.

मग कुणीतरी त्यांना आळेफाट्याच्या एका मंगल कार्यालयात शिबिराला नेलं. भर मे महिन्यात कोट-टाय घातलेला वक्ता पुण्याहून आला होता आणि घामाची एक धार कानामागून कॉलरीत जात असताना तो सांगत होता, की गारवा मनात असतो. त्यानं शिकवलं ते असं: मागू नका. मिळालंच आहे असं समजा, वहीत तसं लिहा आणि विश्वाचे आभार माना. म्हणजे पेढे आधी वाटायचे. आणि काम झालं नाही तर? तर तुमचा विश्वास कमी पडला. नवसात निदान देवाला बोल लावायची सोय होती. इथे वक्त्याची फी खिशात गेल्यावर दोष मात्र घेणाऱ्याच्याच पदरात.

हा माल मुळात आपल्या शिवारातला नव्हे. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचा औषधविक्या होता. मी दिवसेंदिवस सगळ्या बाजूंनी बरा होत चाललोय, अशा अर्थाचं एक वाक्य तो लोकांना रोज पुटपुटायला लावायचा. १९५२ साली अमेरिकेत नॉर्मन व्हिन्सेंट पील या धर्मोपदेशकानं सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावर पुस्तक लिहिलं, ते लाखांनी खपलं. २००६ साली 'द सीक्रेट' आलं. त्यात तर विश्वाला नुसती ऑर्डर द्यायची होती. एवढा प्रवास करून तो विचार आळेफाट्याला उतरला. आळेफाट्याला सगळ्याच एसट्या थांबतात.

शिबिराहून नाना दोनशे पानी वही घेऊन आले. पहिल्या पानावर लाल शाईत: "मला पन्नास लाख रुपये मिळाले आहेत. धन्यवाद." दुसऱ्या पानावर ट्रॅक्टर मिळाला. तिसऱ्यावर धाकट्या मुलाचं लग्न जमलं, मुलगी सरकारी नोकरीतली. आमच्या भागात शेतकरी मुलाचं लग्न जमणं ही पन्नास लाखांहून अवघड गोष्ट आहे, हे नानांनाही ठाऊक असावं, कारण त्या पानावर "धन्यवाद" तीन वेळा लिहिलं होतं. नानींनी ती वही उलटी केली आणि मागच्या बाजूनं दुधाचा हिशोब मांडायला सुरुवात केली. सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, पेंडीचे पैसे वजा. पुढून नाना भरत आले, मागून नानी. मी पाहिली तेव्हा मध्ये दहा-बारा पानंच कोरी उरली होती. नानींच्या बाजूचे आकडे लहान होते, पण ते सगळे खरोखर मिळालेले होते.

त्याच आळेफाट्याजवळ आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा परतीच्या वाटेवर इथे गेला आणि त्याला इथे समाधी दिली, अशी श्रद्धा. नानांच्या हातात हा हुकमाचा पत्ता होता. मला म्हणायचे:

"मास्तर, रेडा वेद बोलला का नाही? मग आपला कांदा शंभरानं का जाणार नाही?"

चुलीपुढून नानी म्हणाल्या, "रेड्याच्या डोक्यावर माउलींचा हात होता. तुमच्या कांद्याच्या डोक्यावर दलालाचा."

नानींना शिबिराची कधी गरज पडली नाही. त्यांची पद्धत साधी: कुठलंही काम निघालं, की आधी काय काय बिघडेल ते मोजायचं. पाहुणे आठ येणार म्हणाले की बारांचं पीठ मळायचं. आभाळ निरभ्र असलं तरी कांद्यावर कागद टाकायचा. नाना याला नकारात्मक लहरी म्हणतात. या लहरींच्या जिवावर ते घर तीस-पस्तीस वर्षं उभं आहे, हे सांगायला गेलं तर म्हणतात, "बघा, घर उभं आहे ना? मी म्हणलंच होतं, व्हईल."

विश्वाला सांगायचं तर विश्वाचा पत्ता हवा. तोही आमच्या तालुक्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदला एकवटलेल्या, बाकीच्या तीन दिशांना शेताशिवारांतून पसरलेल्या. आभाळातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली ती इथे रेडिओचा गोंगाट कमी म्हणून. माणसांचा गोंगाट त्यांनी धरला नसावा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्तानं तिथे प्रदर्शन भरतं, शाळांच्या सहली येतात. एका वर्षी आम्ही दोघं गेलो. माहिती सांगायला कॉलेजातली एक चुणचुणीत पोरगी होती. तिचं सगळं बोलणं नानांनी हात जोडून ऐकलं आणि विचारलं, "बाळ, हिच्यातून विश्वाला काही सांगायचं असलं, तर अर्ज कुठं करायचा?"

"आजोबा, ही सांगत नाही. फक्त ऐकते."

"एवढ्या तीस तबकड्या, आणि एकीतूनही बोलता येत नाही?"

"नाही. आणि जवळपास कोणी बोललं तरी तिला त्रास होतो. म्हणून मोबाईल बंद ठेवायला सांगतो."

नाना वाटेभर गप्प होते. नारायणगावच्या वेशीवर म्हणाले, "ऐकतंय ना पण? मग झालं तर."

पुढे त्या ऐकण्यानंच घात केला. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचं वारं आलं, तेव्हा नारायणगाव-मंचरकडच्या दोन्ही तालुक्यांत माणसं झोपेत रूळ बघायला लागली. २३५ किलोमीटरचा मार्ग, तोही चाकण, मंचर, नारायणगाव करत जाणारा. मोजण्या झाल्या, काही गावांत जमिनी घेतल्याही. नानांच्या गटातून रूळ जाणार असं कुठल्याच नकाशात नव्हतं. पण नकाशा माणसानंच काढलेला असतो, असं म्हणून नानांनी वहीत लिहिलं: "आपल्या बांधावर स्टेशन झाले आहे. धन्यवाद." एवढ्यावर न थांबता फलाटावर मासवडीच्या थाळीचा स्टॉल कुणाला द्यायचा यावरून त्यांनी मेव्हण्याशी अबोला धरला. न झालेल्या स्टेशनावरच्या न झालेल्या स्टॉलपायी झालेलं ते भांडण मात्र अस्सल होतं. दोन दिवाळ्या भाऊबीज झाली नाही.

आणि मग दिल्लीहून रेल्वेखात्यानं सांगितलं, की हा मार्ग खोडदच्या दुर्बिणीच्या कामात अडथळा आणेल, तेव्हा गाडी शिर्डीच्या बाजूनं वळवू. विजेवर धावणाऱ्या गाडीचा खडखडाट आपल्याला ऐकू येतो तो वेगळा. तिचा रेडिओतला गोंगाट दुर्बिणीला ऐकू येतो आणि त्यात आभाळातली कुजबुज बुडून जाते. लोक संतापले, मूळ मार्गासाठी बैठका झाल्या, निवेदनं गेली. नाना वही उघडून बराच वेळ बसले. विश्वाला मागितलं होतं स्टेशन, आणि विश्वाचं ऐकायला बसवलेल्या यंत्रानंच ते नेलं. कुणीही खचला असता. नाना संध्याकाळी पारावर येऊन म्हणाले, "शिर्डीवरून जाणार म्हणं. साईबाबाच नेतायत म्हणल्यावर आपुन काय बोलणार? व्हईल, फाटा काढतील इकडं."

बिबट्याचं सांगितल्याशिवाय आमच्याकडचं काहीच पुरं होत नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. आता कैक पिढ्या उसातच जन्मल्यात, त्यांना जंगल म्हणून दाखवलं तर ओळखू यायचं नाही. वनखात्याचं म्हणणं, रात्री एकट्यानं शिवारात जाऊ नका, हातात काठी-बॅटरी ठेवा, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा. आणि विजेचं वेळापत्रक असं, की थ्री फेज येते ती पुष्कळदा रात्रीच. दोन खाती एकमेकांशी बोलत असती तर हा प्रश्न इतका राहिला नसता.

नानांचं म्हणणं, भीती बाळगली तर बिबट्या येतो. मनात अभय असलं की अंगाभोवती एक तेजोवलय तयार होतं, आणि जनावराला ते कळतं. हे सांगताना त्यांनी मला झब्ब्यापासून वीतभर अंतरावर ते वलय हातानं आखूनही दाखवलं होतं. नानींनी वलयावर विसंबून न राहता त्यांच्या गळ्यात मोबाईल अडकवला आणि बजावलं, "गाणी लावल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही." आमचं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. गाण्यांना काय तोटा? पण नानांनी गाणी लावली नाहीत. त्यांनी त्या कोट-टायवाल्या वक्त्याचं भाषण लावलं, पूर्ण आवाजात. रात्री दीड वाजता उसाच्या कडेनं "तुम्ही जिंकण्यासाठीच जन्माला आला आहात" असं ओरडत एक मोबाईल चालला होता आणि त्याच्यामागे नाना. सकाळी ओल्या सरीत पंज्यांचे ठसे सापडले. बिबट्या विहिरीपर्यंत आला होता आणि तिथून मागे वळून, ठशांतल्या अंतरावरून दिसत होतं, चांगला लांब ढांगा टाकत गेला होता. त्या भाषणानं कुणाच्या आयुष्यात खरोखर फरक पडल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

इथे थट्टा थांबवतो. या भागात उसाच्या कडेला लेकरं गेलीत, म्हातारी माणसं गेलीत, आणि त्या घरांत जाऊन व्हईल म्हणायची हिंमत नानांनाही झालेली नाही. एका घरी ते गेले, टोपी काढून हातात धरली, उंबऱ्यापाशी बसले आणि एक अक्षर न बोलता उठून आले. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून गोठ्याला जाळी मारली. वहीत त्याची नोंद नाही.

आता टोमॅटो. २०२३ साल आमच्याकडे कुणी विसरायचं नाही. उन्हाळ्यात टोमॅटोला इतका मार बसला, की तोडणीचा खर्च सुटेना. कुणी बागेत मेंढरं घातली, कुणी क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतले. पुष्कळांनी नवी लागवडच केली नाही. माल कमी झाला आणि जुलैत भाव पेटला. नारायणगावच्या बाजारात २० किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे गेलं. जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात महिनाभरात कोटीच्या वर पैसे आल्याची बातमी देशभर छापून आली. नानांनी ते कात्रण देवघरात लावलं, गणपतीच्या उजव्या बाजूला.

"लावायचा. दोन एकर."

नानी भाकरी थापत होत्या. "रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला किती दिवस?"

"पासष्ट-सत्तर."

"आज जुलैची वीस. म्हणजे माल सप्टेंबर सरताना. नर्सरीत रोप आहे का?"

"तेच तर! एकाही नर्सरीत रोप शिल्लक नाही. चढ्या भावानं आणायला लागंल."

"मग सगळी रोपं गेली कुठं? त्या यानातून चंद्रावर?"

चांद्रयान नुकतंच उडालेलं होतं. नाना म्हणाले, "नकारात्मक बोलू नको." रोपं आली. मल्चिंग पेपर आला, ठिबकच्या नव्या नळ्या आल्या, तार आली, काठी आली. सोसायटीतून भांडवल आलं. त्या साली ऑगस्ट असा कोरडा गेला, की जुनी माणसंही तोंडात बोट घालून बसली. टँकर घालून बाग जगवली. तिकडे केंद्र सरकारनं शहरांत स्वस्तात टोमॅटो विकायला काढला, नेपाळहूनही आणला, आणि आमच्यासारखाच कर्नाटकातल्या शेतकऱ्यानंही जुलैत पेपर वाचलेला असल्यामुळे त्याचाही माल निघायला लागला. यान चंद्रावर अलगद उतरलं त्या सुमाराला टोमॅटोही उतरायला लागला, पण अलगद नव्हे.

पहिला तोडा निघाला चाळीस क्रेट. फळ असं, की हातात घेतल्यावर ठेवू नये. देठाशी हिरवा, खाली लाल, दाबला तर टणक. नानांनी स्वतः क्रेट लावले, वरच्या थरावरून उपरण्यानं धूळ पुसली. भाव निघाला क्रेटला नव्वद. पट्टी झाली छत्तीसशेची. तोडणीच्या सहा बायांचे साडेतीनशेप्रमाणे एकवीसशे, टेम्पोचे आठशे, हमाली-तोलाई दोनशे चाळीस. उरले चारशे साठ.

"प्लसमध्ये आहे," नाना म्हणाले.

"औषधं? खत? तार-काठी? टँकर?"

"ती गुंतवणूक."

चारशे साठातून नानांनी तोडणीच्या बायांना वडापाव खाऊ घातला आणि टेम्पोवाल्याला चहा पाजला, कारण पहिल्या तोड्याला तोंड गोड केलं की पुढचे तोडे चांगले जातात. पुढच्या तोड्याला भाव ऐंशी होता.

न्यूयॉर्क विद्यापीठात गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई आहेत. जर्मनीतल्या नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांवर त्यांनी अभ्यास केला. ज्यांनी नोकरी मिळाल्याची गोड चित्रं मनात जास्त रंगवली, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. मनाला आधीच पोचल्यासारखं वाटतं, मग पाय उचलत नाहीत. गंमत म्हणजे, आपल्याला नोकरी मिळेल असा अंदाज ज्यांनी मागच्या अनुभवावरून बांधला होता, त्यांचं चांगलं झालं. म्हणजे आशा वाईट नव्हे. ती कशाच्या जोरावर केली ते बघायचं. हे मी नानांना समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "त्या बाईंना एकदा आळेफाट्याला बोलवा."

मला नानांची बाजू अगदीच कळत नाही असं नाही. ज्याला पुढच्या सत्तर दिवसांचा पाऊस माहीत नाही, भाव माहीत नाही, दिल्लीत उद्या कोणता आदेश निघेल ते माहीत नाही, त्यानं हिशोब करूनच रोप लावायचं ठरवलं तर तो लावणारच नाही. शेतीतल्या सगळ्या निविष्ठांत आशा ही एकच फुकट मिळते, म्हणून ती हात सैल सोडून वापरली जाते. नानांची चूक इतकीच, की युरियाच्या जागीही तीच टाकतात.

कांद्यानं खरी मजा आणली. त्या साली एप्रिलात काढलेला कांदा बराखीत होता. कांद्याचा खेळ टोमॅटोसारखा दोन दिवसांचा नव्हे, त्यात माणसाला थांबता येतं, आणि थांबता येतं हाच त्यातला सापळा. पावसाळा सरेपर्यंत बराखीतला कांदा वजनानं घटत राहतो. खालचा थर पाघळतो, वरच्याला कोंब येतात. आत शिरलं की वासावरून कळतं, किती आठवडे उरलेत. १९ ऑगस्टला सरकारनं निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं, तेव्हा लोक घाबरून विकायला निघाले. नाना थांबले. दसऱ्यानंतर भाव वाढत गेला, मंचरला दहा किलोचा आकडा रोज नवा ऐकू यायला लागला. शहाणी माणसं विकायला निघाली. नाना थांबले. वहीत लिहिलं होतं: "माझा कांदा शंभर रुपये किलोनं गेला आहे. धन्यवाद." आणि त्याखाली आणखी एक ओळ, वेगळ्या दिवशी, जरा थरथरत्या हातानं: "मला दीड लाख रुपये मिळाले आहेत." सोसायटीचा हप्ता तेवढाच होता.

दिवाळीच्या आधी आळेफाट्याला दोन दिवसांचं प्रगत शिबिर होतं. नाना मुक्कामी गेले. ते एसटीत चढले आणि अर्ध्या तासात दारात टेम्पो उभा राहिला. नानी पदर खोचून बराखीत शिरल्या. दिवसभर निवड चालली: चांगला गोण्यांत, कोंबाचा बाजूला, पाघळलेला उकिरड्यावर. निम्मी बराख रिकामी झाली. ती दिसू नये म्हणून नानींनी मागच्या बाजूनं काढली आणि पुढचा थर तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी मंचरला स्वतः गेल्या. लिलावात दहा किलोला चारशे चाळीस मिळाले. पट्टी पदराच्या गाठीत बांधून आल्या आणि पैसे कपाटात, नानांच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात ठेवले.

नाना शिबिरातून आले ते भारावून. लक्ष्मीपूजनाला कोट काढायला गेले आणि खिशात नोटांची पुडकी लागली. त्यांनी मोजली. दीड लाखावर साडेतीन हजार. ते पाटावर मटकन बसले. नानी म्हणाल्या, "अहो, ऐका तरी—" पण नाना ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. वही आणली, ते पान उघडलं, आकडा दाखवला आणि हात जोडून म्हणाले, "लिहिलं होतं मी! लिहिलं होतं!"

नानींनी मला नंतर सांगितलं, "तोंडावर आलं होतं माझ्या. पण त्यांचा चेहरा बघितला, म्हणलं, राहू दे. सणाचा दिवस. आणि सोसायटी भागली की."

८ डिसेंबरला निर्यात बंद झाली. भाव पडला. बराखीत उरलेला कांदा नाना शंभराची वाट बघत राखत होते, त्याचा वास आता माझ्या ओट्यापर्यंत यायला लागला होता. मागची बाजू रिकामी निघाल्यावर नाना जरा चमकले, पण घट फार झाली असं त्यांनीच ठरवलं. एकूण व्यवहारात नाना विजयी होते.

ही कीर्ती आळेफाट्याला पोचली. वक्त्यानं त्यांना पुढच्या शिबिरात अनुभवकथनाला बोलावलं. आम्ही सगळे गेलो. नाना त्याच कोटात स्टेजवर उभे राहिले आणि वही उंच धरून त्यांनी ते पान सभेला दाखवलं. "मी फक्त लिहिलं," ते म्हणाले, "आणि कोटाच्या खिशात पैसे आले. तीन पिढ्यांत आमच्या कोटाच्या खिशात कधी पैसे नव्हते." टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या माणसानं लगेच खिशातून पेन काढलं. वक्त्याला उत्साह आला, तो खाली उतरून तिसऱ्या रांगेत आला आणि नानींपुढे माईक धरून म्हणाला, "ताई, या चमत्काराच्या तुम्ही साक्षीदार आहात. काय सांगाल?"

नानींनी माईक नीट धरला. नाना वरून त्यांच्याकडे बघत होते, लहान पोर बक्षीस समारंभाला बघतं तसे.

"चमत्कार झाला," नानी म्हणाल्या. "टेम्पोवाल्यानं भाड्यात पन्नास रुपये सोडले."

सभेला काही कळलं नाही, तरी तिनं टाळ्या वाजवल्या. नानांनीही वाजवल्या. जेवणाच्या वेळी आयोजकांनी नानांची फी माफ केली, नानींकडून मात्र ताटाचे दीडशे रुपये घेतले. मासवडी होती, पण एका ताटाला दोनच वड्या, आणि रस्सा पातळ. नानींनी वाढप्याला विचारलं, अजून दोन मिळतील का.

"संपल्या, मावशी," तो म्हणाला.

पलीकडच्या पंगतीतून नाना म्हणाले, "व्हईल, व्हईल. येतील."